आबांच्या चाकाचा आऊट

सायकलचं चाक सरळ करायला लागणारं सगळं सामान आमच्या घरात होतं. फक्त ते सरळ करता येणारं माणूस नव्हतं. ही उणीव आमच्या लक्षात आली तोवर चाक गल्लीत पोचलं होतं.

मी मुखेडला घरीच ब्लाउज शिवते. पुढच्या खोलीत मशीन आहे, मागे सैपाकघर आणि अंगणात एक मोठा कडुलिंब. आमचे हे एसटीत कंडक्टर. सासरे, म्हणजे आबा, लाईनमन होते. मुखेडच्या आसपासच्या वाड्या-तांड्यांवरचे खांब त्यांनी सायकलवर फिरून सांभाळले. रिटायर झाले, खांब सुटले, सायकल सुटली नाही. काळी, उंच, घंटी सोडून सगळं वाजणारी ती सायकल या घरात माझ्या आधी आली होती, त्यामुळे तिचा मान माझ्यापेक्षा मोठा होता. माझी त्याबद्दल तक्रार नाही. तिला कधी भाकऱ्या कराव्या लागल्या नाहीत एवढंच वाटतं.

तर बाजाराच्या दिवशी आबा सायकलवरून येत होते आणि मध्ये शेळी आली. आबांनी शेळीला वाचवलं आणि स्वतः नालीत गेले. कोपर खरचटलं, बाकी काही नाही. शेळीने तर मागे वळूनही पाहिलं नाही. पुढच्या चाकाला मात्र मार लागला. ते फिरवलं की थोडं डुलायचं आणि त्याला धरणाऱ्या लोखंडी चिमट्याला घासायचं.

ह्यांनी घरी येऊन निकाल दिला. "आबा, बास आता. सायकल बंद. पुढच्या बाजाराला भंगारवाला येईल, त्याला देऊन टाकू."

आबा काही बोलले नाहीत. तेच वाईट होतं. सकाळच्या चहापासून बोलायला लागणारा माणूस एकदम गप्प झाला. उंबऱ्यावर बसायचे, भिंतीला टेकवलेल्या सायकलकडे बघत राहायचे. अर्धी भाकरी ताटात ठेवून उठायला लागले. सासूबाई तोंडाने म्हणायच्या, "बरंच झालं, म्हातारपणी काय सायकल." पण आबांच्या ताटात शेंगाच्या चटणीचा ढीग रोज वाढत चालला होता.

बाजाराच्या आदल्या दिवशी सकाळी हे किनवटच्या मुक्कामी गाडीवर गेले, आता उद्याच येणार होते. गाडी गेल्याचा अंदाज घेऊन आबा हळूच माझ्या मशीनपाशी आले.

"सुनंदा, चाक काय मोडलेलं न्हाई. नुसता आऊट हाय."

आऊट म्हणजे रिंग एका बाजूला झुकते ते. आरे, म्हणजे चाकाच्या तारा, कसून रिंग जागेवर आणायची, त्याला आऊट काढणं म्हणतात. हे मला त्या दिवशी कळलं.

"मग इठ्ठलकडं नेऊ की, आबा. घडीभराचं काम."

"इठ्ठलकडं न्हाई." आबांनी मान हलवली. "त्याच्या पोटात काय राहत न्हाई."

हे खरं होतं. विठ्ठलचं सायकलचं दुकान स्टँडच्या वाटेवर आणि तो ह्यांचा शाळेतला दोस्त. त्याला सांगितलेली गोष्ट पुढच्या गाडीने ह्यांच्यापर्यंत पोचते, तिकीट न काढता. आणि आबांचा बेत असा होता, की मुलगा परत यायच्या आत चाक सरळ करायचं, त्याच्यासमोर सायकल चालवून दाखवायची, म्हणजे भंगाराचं कारणच उरणार नाही.

मी हातातली सुई खाली ठेवली आणि म्हटलं, "आबा, मी काढते आऊट."

का म्हटलं ते मला आजही सांगता येत नाही. पण माझ्या धंद्यात एक गर्व आपोआप येतो. मुखेडमधल्या कितीतरी बायकांचा एक खांदा दुसऱ्यापेक्षा खाली आहे. हे त्यांच्या नवऱ्यांना माहीत नाही, मला माहीत आहे. (नावं विचारू नका.) आणि माझा ब्लाउज घातला की दोन्ही खांदे सरळ दिसतात. एवढी माणसं सरळ केली, तर एका चाकाची काय कथा, असं मला वाटलं.

आधी मोबाईलवर व्हिडिओ पाहिला. कुठल्यातरी थंड देशातला एक दाढीवाला, स्वच्छ खोलीत, स्वच्छ हातांनी चाक फिरवत होता. चाक आवाज न करता फिरायचं, तो मधूनच एका आऱ्याला हळूच चावी लावायचा, पुन्हा फिरवायचा. मी बघतच राहिले. लग्नसराईचे ब्लाउज शेजारी पडले होते, बाहेर लिंबाचा फुलोरा गळत होता, आणि मला वाटलं, आपण उगाच काखांच्या आणि कमरेच्या मापात जन्म घालवला. माणसाने असं काहीतरी शांत, गोल काम करावं. नेमका तो कुठल्या बाजूचा आरा कसायचा हे दाखवायला लागला आणि दारात गिऱ्हाईक आलं. ते जाईपर्यंत व्हिडिओ संपला होता, आणि पुन्हा लावावा एवढं नेट शिल्लक नव्हतं. मी म्हटलं, एवढं काय त्यात, समजलं.

दुपारची जेवणं झाल्यावर आम्ही पुढच्या खोलीत कामाला लागलो. आबांनी सायकलचं पुढचं चाक सोडवलं आणि सैपाकघरातले दोन मोठे चमचे घालून टायर काढला. चमचे नंतर सरळ झाले नाहीत, पण तेव्हा ती छोटी गोष्ट वाटली. दाढीवाल्याकडे चाक अडकवायचं लोखंडी स्टँड होतं. आमच्याकडे हात असलेल्या दोन प्लॅस्टिकच्या खुर्च्या होत्या. त्या शेजारी शेजारी मांडल्या, मध्ये चाकापुरती जागा ठेवली आणि चाकाच्या आसाची दोन्ही टोकं खुर्च्यांच्या हातांवर टेकवून परकराच्या नाड्यांनी बांधली. आऱ्यांची चावी नव्हती, म्हणून आबांची लाईनमनची जुनी पक्कड घेतली. रिंग कुठे झुकते ते कळावं म्हणून माझा खुणेचा खडू आबांनी हातात धरला. ते पाटावर बसले आणि खडू रिंगेच्या अगदी जवळ टेकवून ठेवला. जिथे रिंग बाहेर येईल तिथे खडू लागेल, अशी युक्ती. युक्ती खरोखर चांगली होती. पुढे जे झालं त्यात खडूचा काही दोष नाही.

चाक फिरवलं की खुर्च्या दोन्हीकडे सरकायच्या. तेवढ्यात सासूबाई चमचे शोधत आल्या.

"काय करून राहिलेत तुम्ही दोघं?"

"आऊट काढून राहिलो," आबा म्हणाले.

"माझे चमचे कुठं हायत?"

चमचे बघितल्यावर सासूबाई सवयीने जवळच्या खुर्चीत मटकन बसल्या. खुर्ची हलायची थांबली. मी आबांकडे पाहिलं, आबांनी माझ्याकडे.

"आई, आता उठू नका," मी म्हटलं. "तुम्ही उठलात की चाक पडतंय."

"म्हंजे? मी काय दगड हाय का?"

"थोडा येळ बस की गं," आबा म्हणाले. कितीतरी दिवसांनी ते आईंशी आपणहून बोलले होते. सासूबाई बसून राहिल्या.

दुसऱ्या खुर्चीसाठी मी शेजारच्या रेहानाआपांना हाक मारली. त्यांचं बांगड्यांचं दुकान दुपारी बंद असतं. त्या डुलकी काढायच्या बेतात होत्या. मी म्हटलं, डुलकी इथे काढा. त्या आल्या, सगळ्या मांडणीकडे जरा वेळ बघितलं, "अल्ला, काय काय करते ही पोरगी," एवढंच म्हणाल्या आणि दुसऱ्या खुर्चीत ऐसपैस बसल्या. आता खुर्च्या खांबासारख्या रोवल्या गेल्या.

मी चाकाला हाताने गती दिली.

ते चाक असं फिरलं म्हणून सांगू. टायर नाही, ओझं नाही, नुसती रिंग आणि आरे. खिडकीतून ऊन येत होतं, ते आऱ्यांतून गाळून भिंतीवर पडायचं, आणि भिंतीवर सावल्यांचं दुसरं चाक फिरायचं. बारीक सुर्रर्र असा आवाज. खोलीत लिंबाच्या फुलांचा कडवट गोड वास. रेहानाआपांची मान एका बाजूला कलली. मी पक्कड मांडीवर ठेवून बघतच बसले.

"जळकोटहून आणलं हिला मी या सायकलवर," आबा एकदम म्हणाले. "लगीन झाल्यावर. मागं कॅरेजवर बसवून."

"बसवून कुठलं," सासूबाई डोळे न उघडता म्हणाल्या. "चढ आला की उतर म्हणायचे. अर्धी वाट चालत आले मी."

"चढच लई होते."

"उतारावर पण उतरवलं मला. म्हणले, बिरेक लागत न्हाई."

"मग? खरंच लागत नव्हता."

"वाटेत एका हिरीवर पाणी पाजलंत," सासूबाई म्हणाल्या. आणि मग जरा थांबून, "गार होतं."

चाक मंद होत आलं की मी हात लावायची आणि ते पुन्हा सुर्रर्र सुरू व्हायचं. त्या खोलीत तेव्हा कुणी म्हातारं नव्हतं, असं मला वाटलं. मधूनच मला आठवायचं की आपण कामाला बसलोय, मग मी चाक थांबवून जिथे खडू लागला असेल तिथला आरा पक्कडीने आवळायची. ब्लाउज जिथे फुगतो तिथेच दाबायचा असतो. तोच हिशेब मी इथे लावला. रिंग उजवीकडे फुगली की उजव्या बाजूचा आरा आवळायचा. टिंग असा गोड आवाज यायचा. मला तो फार आवडला. गरज नसलेले दोन-चार आरेही मी आवाजासाठी आवळले.

"खडू आता चांगला लागून राहिलाय," आबा समाधानाने म्हणाले.

"आधीपेक्षा जास्त लागतोय ना?"

"लई जास्त."

आम्ही दोघेही खूष. आरा रिंगेला आपल्याच बाजूला ओढतो आणि खडू जास्त लागणं म्हणजे रिंग जास्त बाहेर येणं, हे दोघांच्याही डोक्यात आलं नाही. ऊनच तसं होतं. मी आणखी आवळलं. सुर्रर्रच्या जागी आता घस्स-सुर्र, घस्स-सुर्र असा ठेका आला, तोही ऐकायला बरा वाटत होता. पाळणा हलवताना येतो तसा. सासूबाई झोपल्या. रेहानाआपा तर घोरतच होत्या, त्याही त्याच ठेक्यात. खडूची भुकटी उडून त्यांच्या नाकावर पांढरा थर बसला होता.

मी चाक थांबवून समोरून बघितलं. रिंग एकीकडून आत, दुसरीकडून बाहेर, तळलेल्या पापडासारखी. सायकलवाले ज्याला चाकाचा आठ झाला म्हणतात, तो आठ मी घरच्या घरी तयार केला होता.

"आबा, जरा बघा."

आबांनी बघितलं. चष्मा पुसला, पुन्हा बघितलं. "फिरवून बघ," ते म्हणाले. "फिरताना कदाचित सरळ दिसंल."

मी होता नव्हता तेवढा जोर लावून चाक फिरवलं. आणि खरंच, ते सुंदर दिसलं. रिंगेच्या आत हिरव्या रंगाचं काहीतरी फुलत होतं, त्याला लाल काठ, गोल गोल, मोठं मोठं होत जाणारं. मी मनात म्हटलं, काय छान काठ आहे. इरकली असावा. असा काठ आपण कुठे बघितलाय?

सासूबाईंच्या अंगावर बघितला होता. त्यांचा पदर आऱ्यांत गेला होता.

मी ओरडेपर्यंत पदर ताणला गेला, सासूबाई दचकून जाग्या झाल्या आणि सरळ उभ्या राहिल्या. खुर्ची आडवी झाली. तिच्या आवाजाने रेहानाआपा "या अल्ला" म्हणत उठल्या, दुसरी खुर्ची आडवी. परकराच्या नाड्या तुटल्या, पदर फाटला, आणि चाक खाली पडून फिरतच राहिलं. आमच्या दारात आबांनीच सायकल आत घ्यायला सिमेंटचा उतार करून घेतलाय. चाक त्या उतारावरून, हिरव्या पदराचा तुकडा मागे फडकवत, खणखण करत गल्लीत निघालं.

सरळ चाक सरळ गेलं असतं. हे आठाचं चाक होतं. ते एकदा डावीकडे झुकायचं, एकदा उजवीकडे, लग्नात नाचणाऱ्या मामासारखं. त्याने रेहानाआपांच्या दारातली बादली चुकवली, एक कोंबडी चुकवली, आणि गल्लीच्या तोंडाशी खाकी कपड्यांत, खांद्याला बॅग लावून येणाऱ्या माणसाच्या पायाशी दोन गिरक्या घेऊन आडवं झालं.

ते हे होते. किनवटला घर असलेल्या एका कंडक्टरला तिथला मुक्काम हवा होता, म्हणून त्याच्याशी ड्यूटी बदलून घेऊन हे वाटेतूनच परत आले होते.

ह्यांनी चाकाकडे बघितलं. मग वर बघितलं. समोर अर्ध्या पदराच्या सासूबाई, पांढऱ्या नाकाच्या रेहानाआपा आणि हातात पक्कड घेतलेली मी.

"हे काय हाय?"

"चाक," मी म्हटलं.

"कशाचं?"

"सायकलचं," सासूबाई म्हणाल्या. "सकाळी तरी सायकलचंच होतं."

मागून कसलातरी आवाज आला. आबा उतारावर बसले होते आणि हसत होते. आवाज फुटत नव्हता, नुसते खांदे हलत होते, डोळ्यांतून पाणी चाललं होतं. मग आवाजही फुटला. त्यांच्याकडे बघून सासूबाई हसल्या, मग रेहानाआपा, आणि हसायचं नाही असं ठरवलेली मी.

हे हसले नाहीत. चाक उचलून घेऊन आत आले, पडलेली खुर्ची उभी केली आणि तीत बसले. सगळं ऐकून घेतलं. मग आबांना म्हणाले, "मी काय वैरी हाय का तुमचा? त्या दिवशी मला गाडीत फोन आला. आबा पडले, एवढंच ऐकू आलं आन रेंज गेली. पुढचं काय मला कळलं न्हाई. अर्ध्या लोकांना मी चुकीची तिकिटं दिली. रेंज येईपर्यंत मी कसा उभा होतो ते माझं मला ठाऊक."

आबा जमिनीवरचा खडू उचलून हातात फिरवत राहिले.

"शेळी आडवी आली रे, दत्ता," ते हळूच म्हणाले.

"शेळ्या रोजच असतात, आबा."

"बाजाराच्या दिवशी लई असतात."

"मग बाजाराच्या दिवशी जाऊ नका."

आबांनी मान वर केली. "आन बाकीच्या दिवशी?"

तेव्हा सासूबाईंनी फाटका पदर खांद्यावर सारखा केला. "सायकल भंगारात जाणार न्हाई. तुझ्या बापानं मला तिच्यावर आणलं जळकोटहून."

"तू तर म्हणतीस अर्धी वाट चालत आलीस."

"चालत आले, पण सायकलच्या बरोबरच आले ना."

ह्यांनी माझ्या हातातली पक्कड घेतली, म्हणाले, "आण, मी बघतो," आणि चाक गुडघ्यांत धरून एक आरा आवळला. टिंग वाजलं. त्यांच्या चेहऱ्यावर तेच उमटलं जे दुपारी माझ्या चेहऱ्यावर असणार. त्यांनी दुसरा आवळला. मी चहा ठेवायला आत गेले. बाहेर आले तेव्हा चारही जणं पुन्हा चाकाभोवती बसली होती आणि रेहानाआपा सांगत होत्या, "तो वरचा आवळ रे, तो चांगला वाजतो."

शेवटी दिवे लागायच्या सुमाराला ह्यांनीच चाक विठ्ठलकडे नेलं. विठ्ठलने ते वर धरून एका डोळ्याने बघितलं. ही रिंग आता सरळ व्हायची न्हाई, नवी टाकू, म्हणाला, आणि मग त्याने विचारलं, "कुठल्या ट्रकखाली आली रे?"

आमचे हे एका क्षणात म्हणाले, "होता एक. थांबला न्हाई."

माझ्या लग्नाला इतकी वर्षं झाली, ह्यांनी माझ्यासाठी एवढं गोड कधी काही केलं नव्हतं. आबा आता बाजाराचा दिवस सोडून रोज सकाळी सायकलवर एक चक्कर मारून येतात, पूर्ण भाकरी खातात आणि दिवसभर बोलतात. सासूबाई म्हणतात, गप्प होते तेच बरं होतं. आणि आबांच्या ताटातली चटणी वाढतच चालली आहे.

जुनी रिंग विठ्ठलने फेकली नाही. असला आठ पुन्हा बघायला मिळायचा नाही म्हणून दुकानाच्या दारावर टांगली. स्टँडकडे जाणारं प्रत्येक माणूस तिच्याकडे बघून हळहळतं. परवा एक नवीन गिऱ्हाईक ब्लाउज शिवायला आली. कापड पसरता पसरता म्हणाली, "ताई, ते इठ्ठलच्या दुकानावर टांगलेलं चाक तुमच्या आबांचं ना? बाई, काय चेंदामेंदा केला मेल्यानं. सापडला का हो तो ट्रक?"

"न्हाई," मी म्हटलं, "अजून सापडला न्हाई. हात वर करा."

तिने विश्वासाने हात वर केले, आणि ट्रकने टेप काढून तिचं माप घेतलं.